पंधरावा हंगाम

लिंडेनफुर्ट,
गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३

प्रिय हेनिंग,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपल्या वयात टपाल आलं की आधी पाकिटाला काळी कड आहे का ते बघतात, म्हणून वरच सांगून टाकते. फोन करता आला असता. पण फोनवर तू बोलायला लागलास की मी नुसती तो आवाज ऐकत बसते आणि जे सांगायचं ते राहून जातं. गेली एकोणतीस वर्षं ते असंच राहत आलंय. म्हणून आज सकाळी स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं केलं, आलुबुखारचा केक ताटलीखाली झाकला, चष्मा शोधला, तो डोक्यावरच सापडला, आणि बसले.

बावीस तारखेच्या रविवारी तू येणार म्हणून इथे धांदल उडाली आहे. आपल्या नाट्यगृहाला दीडशे वर्षं पूर्ण होतात आणि तुला मानद सदस्य करणार, हे पेपरात आलं तेव्हा बेकरीतल्या मुलीने मला एक पाव फुकट दिला, जणू सदस्य मीच होणार आहे. नवी संचालक ताबेआ तुझ्याशी फोनवर बोलली, त्यानंतर दोन दिवस ती जमिनीवर नव्हती. एकोणचाळीस वर्षांची बाई, कॅनव्हासचे बूट घालून फिरते आणि सगळ्यांना अरे-तुरे करते, पण गुणी आहे. कॅन्टीनमध्ये मसुराचं सूप घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "रोसविटा, ऐक ना! ती जुन्या संचालकांची, ओस्टरकाम्पसाहेबांची बुटकी खुर्ची अजून आहे का, असं हेनिंग ब्राखमान स्वतः विचारत होते. म्हणाले, रंगमंचावर ठेवा, तिच्यावर बसूनच सगळा किस्सा सांगतो. लोक हसून हसून मरतील!" खुर्ची सामानाच्या कोठीत सापडली. पुसून, उजव्या विंगेत आणून ठेवली आहे. "आणि गंमत म्हणजे," ताबेआ पुढे म्हणाली, "साहेबांनाही आणतोय आम्ही. चाकाच्या खुर्चीतून, पहिल्या रांगेत. किती छान दिसेल ना?" तिच्या डोक्यात दोन म्हाताऱ्यांची गळाभेट आहे. मी "हो, छान" म्हटलं आणि माझं सूप तसंच गार झालं.

तो किस्सा मला तुझ्याइतकाच पाठ आहे. टीव्हीवर मी तो चारदा ऐकला, रेडिओवर दोनदा, आणि म्युनिकच्या त्या बक्षीस समारंभात तर तू ओस्टरकाम्पसाहेबांचं नाकातलं बोलणं इतकं हुबेहूब काढलंस की मीही हसले. मग उठून आत गेले आणि उगीचच भांडी घासली. जुलैचा उकाडा, खिडकीवर आपटणारी माशी, सोनेरी काठाच्या कपातली कॉफी. ज्याचा करार पुढे चालणार त्याला साधी खुर्ची आणि ज्याला घरी पाठवायचं त्याला ती बुटकी, हे तर आपल्या पोर्टरलासुद्धा माहीत होतं. तू त्या खुर्चीत बसलास, गुडघे हनुवटीला लागले, आणि साहेब म्हणाले, "ब्राखमान, तुमच्या चेहऱ्यावर काही घडतच नाही." इथे तू थांबतोस. किती वेळ थांबायचं हे तुला बरोबर कळतं. मग तू हळूच म्हणतोस, "त्याच चेहऱ्याला पुढे तीन बक्षिसं मिळाली." आणि सभागृह कोसळतं.

माझ्या केस कापणाऱ्या बाईने परवा विचारलं, इतका चांगला नट होता तर त्याला काढला कशाला? तिला समजावता समजावता माझे अर्धे केस कापायचे राहिले असते. म्हटलं, बाई, आमच्याकडे करार वर्षावर्षाचा. पण पंधराव्या हंगामात पाऊल टाकलं की माणूस कायमचा, मग त्याला म्हातारपणापर्यंत कोणी हात लावू शकत नाही. म्हणून चौदावा सुरू होण्याआधीच संचालक कागद काढतात. "म्हणजे चांगलं काम केलं म्हणून काढतात?" ती म्हणाली. म्हटलं, नाही, फार दिवस टिकला म्हणून काढतात. ती कात्री थांबवून आरशात माझ्याकडे बघत राहिली. खरंच, आपल्या या धंद्याबाहेरच्या माणसाला हे पटतच नाही.

आपण दोघं एकाच दिवशी इथे आलो, आठवतं? एक्क्याऐंशीचा ऑगस्ट. तुझ्याकडे एक पाठपिशवी आणि कुणाचे तरी दोन नंबर मोठे बूट. पहिल्या प्रयोगाला विंगेत, आपल्या नाटकवाल्यांच्या रीतीने शुभेच्छा म्हणून, मी तुझ्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं, "तोई तोई तोई" म्हटलं, आणि तू मान लववून म्हणालास, "आभारी आहे." अरे देवा! अख्खी विंग गारठली. प्रॉम्प्टर बाईंनी कपाळावर हात मारला: "कुठून आलंय हे ध्यान? याला कोणी सांगितलं नाही का, की तोई तोई तोईला आभार मानले की प्रयोग बुडतो?" दुसऱ्या अंकात दाराची मूठ तुझ्या हातात आली आणि तू खिडकीतून प्रवेश केलास. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय. पण त्यानंतर संध्याकाळी पडदा उघडेपर्यंत तू कोणाचेच आभार मानेनासा झालास. मी कॉफी आणून दिली तरी नुसता डोळे मिचकवायचास.

आणि नाताळची बालनाटकं! सकाळी नऊला एक प्रयोग, अकराला दुसरा, समोर सहाशे पोरं, निम्मी खोकतायत, निम्म्यांना शू लागलीय. तीन हिवाळे आपण एकाच गाढवात काढले. तू पुढचे पाय, मी मागचे, आणि अंधारात तुझा पट्टा धरून तू नेशील तिथे मी जायची. तू आतून मला हसवायचास आणि गाढव मागच्या बाजूने थरथरायचं. प्रेक्षकांना वाटायचं, काय अभिनय आहे! पुढे मला स्वान्तये झाली, तिचा बाप कील शहरात गेला तो तिकडचाच झाला, आणि ज्या संध्याकाळी मला प्रयोग असेल व तुला नसेल त्या संध्याकाळी ती तुझ्याकडे असायची. तिला सायकल तू शिकवलीस, शिट्टी वाजवायला तू शिकवलंस, आणि नाट्यगृहात शिट्टी वाजवायची नाही हेही तूच शिकवलंस. परवा ती म्हणत होती, "हेनिंगमामा आला की आधी माझ्याकडे जेवायला." ती आता सदतीस वर्षांची आहे, तरी तुझ्या बाबतीत आठ वर्षांचीच.

चौदावा हंगाम मात्र मला आठवायला आवडत नाही. नोटीस मिळालेल्या माणसाला आणखी एक वर्ष तिथेच काम करायचं असतं, ही आपल्याकडची सगळ्यात क्रूर रीत. कॅन्टीनमध्ये लोक तुझ्याशेजारी बसायचे नाहीत. वाईट म्हणून नव्हे, काय बोलावं ते कळायचं नाही म्हणून. मी रोज बसले. माझ्या ताटातला अर्धा सॉसेज तुला द्यायची आणि तू म्हणायचास, "बघ हां, माझी सवय लावून घेऊ नकोस." आणि त्याच वर्षी तू काय काम केलंस! सगळं गमावलेल्या माणसाला घाबरायला काही उरत नाही, म्हणून असेल. त्या एप्रिलमध्ये ती सिनेमाची दिग्दर्शक बाई खरं तर दुसऱ्याच कुणाला बघायला आली होती, आणि निवडलं तुला. शेवटच्या प्रयोगानंतर, रंगपटात तोंडाला क्रीम फासलेल्या अवस्थेत, तू माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालास, "या वर्षात एकट्या तूच मला सांभाळलंस, रोसविटा. आभारी आहे." प्रयोग संपला होता, तेव्हा रीतीप्रमाणे त्यात काही चूक नव्हती. पण मी "केस बांधून येते" म्हणून बाहेर पडले ती घरीच गेले, आठवतंय? तुला वाटलं, मी रडतेय. रडत होतेच.

मग तू मोठा झालास, आणि मी ते इस्त्री करता करता बघितलं. त्या नावाड्याच्या सिनेमात अकरा मिनिटं एक शब्द नाही, नुसता तुझा चेहरा, आणि आमच्या इथल्या थिएटरात कोणी कागदसुद्धा वाजवला नाही. मग सतरा वर्षं टीव्हीवरचा पोलीस कमिशनर फोस. रविवारी सव्वाआठला आमची अख्खी इमारत गप्प व्हायची. खालच्या मजल्यावरच्या क्रोगरबाई तर खुनी कोण ते मला जिन्यात विचारायच्या, जणू तू मला आधी कळवून ठेवतोस. त्या अमेरिकन नटाचा जर्मन आवाजही तू झालास. एकदा मी दुसऱ्या खोलीत होते आणि टीव्हीवरून तू कुणाला तरी म्हणालास, "मला माफ कर," आणि मी पडदे हातात घेऊन धावत आले, तर पडद्यावर भलताच टक्कल पडलेला माणूस. साठाव्या वर्षी हॅम्बुर्गच्या रंगमंचावर तू म्हातारा राजा झालास तेव्हा मी न सांगता आले होते. विसाव्या रांगेत बसले होते. तिथूनही मला तुझा चेहरा दिसला, सगळा. भेटायला मात्र आत आले नाही.

माझं काय, मी इथेच. एक्केचाळीस हंगाम. आया, मावश्या, नर्सा, तीन प्रकारच्या विधवा. रंगमंचावर अकरा वेळा मेले, त्यातल्या दोन वेळा लोक खरोखर हळहळले. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि आता शाळेच्या पोरांना नाट्यगृह दाखवते. तक्रार नाही, हेनिंग. चांगलं आयुष्य गेलं. ज्या जागेवर गेलं ती जागा मला कशी मिळाली, एवढंच कोणाला सांगितलेलं नाही. एका माणसाला माहीत आहे.

दर मंगळवारी मी नदीवरच्या वृद्धाश्रमात ओस्टरकाम्पसाहेबांकडे जाते. एक्क्याण्णव झाले त्यांना. केकची कड काढून मधला भाग द्यावा लागतो, पण डोकं शाबूत आहे. तुझा एकही सिनेमा त्यांनी सोडलेला नाही. तू त्यांची नक्कल केलीस तो म्युनिकचा कार्यक्रमही त्यांनी बघितला आणि म्हणाले, "नाक बरोबर पकडलंय पोराने. पण कॉफी नव्हती हो, चहा होता." एवढ्या वर्षांत तुझ्या किश्श्यातली तेवढी एकच चूक त्यांनी काढली. गावात त्यांना किती ऐकून घ्यावं लागलं तुला कल्पना नाही. ज्याने ब्राखमानला घालवला तो हा, असं लोक तोंडावर म्हणायचे, अगदी भाजीवालासुद्धा. ते मूग गिळून गप्प बसायचे. परवा मी त्यांना खुर्चीबद्दल सांगितलं. त्यांनी केकची ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "पहिली रांग का? मग निळा कोट काढायला सांगा. हसायचंच आहे लोकांना, तर निदान कोट तरी बरा असू दे." मी म्हटलं, "साहेब, आता मी त्याला सांगते." तर म्हणाले, "कशाला? संचालकाचं काम काय असतं, बाई? शिव्या खाणं. त्यासाठीच तर त्याला गाडी देतात. सही माझी होती, तुमची नव्हती."

पाणी पिऊन आले. आता लिहिते. तुला बोलावणं आलं त्याच्या तीन आठवडे आधी मी त्यांच्याकडे गेले होते. कोणी बोलावलं नव्हतं. नगरपालिकेने त्यांना कळवलं होतं की आपल्या दोघांपैकी एकालाच पंधराव्या हंगामात नेता येईल, आणि त्यांचं काही ठरत नव्हतं. हे मला तिकीटखिडकीवर कळलं. तुला कळलं नव्हतं, आणि मी तुला सांगितलं नाही. साहेबांना मी "मला ठेवा" असं म्हटलं नाही. तेवढा सरळपणा असता तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी तुझ्याबद्दल बोलले. म्हटलं, साहेब, मैत्रीण म्हणून सांगते, बाराव्या रांगेतून बघितलं तर हेनिंगच्या चेहऱ्यावर काही घडतच नाही; जवळून सगळं दिसतं, तो कॅमेऱ्याचा नट आहे, इथे राहिला तर कुजेल. होय, हेनिंग. ज्या वाक्यावर तू इतकी वर्षं टाळ्या घेतोयस ते त्यांचं नाही, माझं आहे. त्यांनी त्यातलं अर्धंच तुला ऐकवलं. उरलेलं ऐकवलं असतं तर हे कोण म्हणतं असं तू विचारलं असतंस, आणि त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "बाई, हे तुम्ही त्याच्यासाठी सांगताय की स्वतःसाठी?" मी म्हटलं, "त्याच्यासाठी." नंतर तुझा पहिला सिनेमा आला आणि मला हायसं वाटलं. प्रत्येक बक्षिसाबरोबर वाटत गेलं की बघा, मी म्हटलं नव्हतं? पण त्यांच्या कचेरीचा जिना चढताना माझ्या डोक्यात तुझा चेहरा नव्हता. आठ वर्षांची स्वान्तये होती, अडतीस वर्षांची मी होते, आणि या वयाच्या नटीला दुसऱ्या गावात कोणी उभं करत नाही ही भीती होती. तू पुढे कुठे तरी उपाशी मेला असतास, तरी मी त्या दिवशी तेच बोलले असते. मला त्याची लाज वाटते, आणि ती लाज आजवर एका म्हाताऱ्याने आपल्या अंगावर घेतली.

म्हणून लिहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ आता पहिल्या रांगेत त्या माणसावर येऊन पडणार आहे, तर उघडलेली बरी. किस्सा सांगू नकोस, असं मी म्हणत नाही. सांग, खुर्चीही राहू दे, फक्त नाव बदल, साहेबांच्या जागी माझं घे. मी त्यांच्या शेजारीच बसलेली असेन. हवं तर मला वर बोलाव, त्या बुटक्या खुर्चीत मी बसते. माझे गुडघे गेलेत, तेव्हा उठताना कोणाचा तरी हात लागेल. तो तुझाच असावा असा हट्ट नाही. यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस तर चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही, पण मला समजेल. आणखी एक. तुझा स्वभाव मी ओळखते. राग ओसरला की तुझ्या मनात येईल, या बाईने घालवलं म्हणून तर मी घडलो, आणि तू आपला उदारपणे ते म्हणायला जाशील. ते मात्र करू नकोस. रविवारी विंगेत यायचं धाडस मला होणार नाही, म्हणून इथूनच, डाव्या खांद्यावरून, तोई तोई तोई. याला उत्तर म्हणून आभार मानायचे नसतात, हे तुला पहिल्याच दिवशी शिकवलंय.

तुझीच,
रोसविटा